आईला बाहेर ठेवून विषाणू बाहेर राहत नाही

सर्दी-खोकल्याचा हंगाम सुरू झाला की अनेक रुग्णालयांत नवजात अतिदक्षता विभागाच्या, म्हणजे एनआयसीयूच्या दारावर एक सूचना लागते. भेटीची वेळ अर्धा तास. एका वेळी एकच जण. साथ जरा जोरात असेल तर थेट ‘पालकांना प्रवेश बंद’. आत बाळ काचेच्या पेटीत ठेवलेलं असतं, नऊशे ग्रॅमचं, हजार ग्रॅमचं. बाहेर बाकावर आई बसून असते. त्या सूचनेला कोणी हरकत घेत नाही. बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे म्हटल्यावर आईबाप काहीही कबूल करतात, आणि सूचना लावणाऱ्यांनाही आपण कडक पाऊल उचलल्याचं समाधान मिळतं.

माझा आक्षेप त्या समाधानाला आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना विषाणूंपासून जपलं पाहिजे यात वाद नाही. पण आईला दाराबाहेर बसवलं की ते काम झालं असं मानणं म्हणजे सोपं तेवढं उरकून अवघड तेवढं टाळणं आहे. अवघड कामं वेगळीच आहेत. आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा देणं, एका सिस्टरकडे किती बाळं सोपवायची यावर मर्यादा घालणं, पेट्यांमधलं अंतर वाढवणं, आणि आता तयार असलेलं प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) इंजेक्शन ज्या बाळाला सर्वांत जास्त गरजेचं आहे त्याच्यापर्यंत पोचवणं. या सगळ्याला पैसे लागतात. दारावरच्या सूचनेला लागत नाहीत.

धोका मात्र खराच आहे, आणि तो का एवढा मोठा आहे हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. 2020 साली जगभरात अशी सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं जन्मली, म्हणजे साधारण दहातलं एक. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. 28 ते 32 आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या रक्तात त्यांचं प्रमाण आईच्या निम्म्याच्या आसपास असतं. पूर्ण दिवस भरले की ते आईपेक्षाही वर जातं. म्हणजे अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ही शिदोरी अर्धीच घेऊन बाहेर येतं. त्यात फुप्फुसं कच्ची, श्वासनलिका बारीक. नळीची त्रिज्या सुजेमुळे निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुपटीने वाढत नाही, सोळा पटींनी वाढतो. मोठ्या माणसाला जिथे दोन दिवस नाक चोंदल्यासारखं वाटतं, तिथे हे बाळ व्हेंटिलेटरवर जातं.

या विषाणूंमध्ये सर्वांत जास्त त्रास देणारा आरएसव्ही, म्हणजे श्वसनमार्गाला होणारा रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. 1956 मध्ये तो प्रथम सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, आणि वर्षभरातच लहान मुलांतही मिळाला. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच मुलांना तो एकदा तरी होऊन जातो. बहुतेकांना सर्दी होते आणि जाते. 2019 सालच्या अंदाजानुसार पाच वर्षांखालची एक लाखाहून थोडी जास्त मुलं जगभरात त्याने दगावली. त्यांतले सत्त्याण्णव टक्के मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले, आणि बरेचसे तर रुग्णालयात पोचण्याआधीच. या आकड्याकडे आपण शेवटी परत येऊ.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा आजार ओळखणंच कठीण. ते बाळ मोठ्या मुलासारखं खोकत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला दिसतं ते एवढंच: नऊ वाजता नळीने दिलेलं दूध बारा वाजता तपासलं तर पोटात तसंच पडून आहे. मॉनिटर वाजतो, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, घसरलेलं असतं. तळव्याला टिचकी मारली की बाळ श्वास घेतं आणि आकडा वर चढतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ताप नाही, उलट हातपाय गार. रंग राखाडी. संशय आधी जिवाणूंवर जातो, आणि ते बरोबरच आहे, कारण जिवाणूंचा संसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जिवाणू वाढतात का ते पाहायला, जातं, अँटिबायोटिक सुरू होतं. विषाणूची तपासणी अनेकदा आठवते ती कल्चर कोरं आल्यावर, आणि तोवर त्याच सिस्टरने शेजारच्या बाळांचे डायपर बदललेले असतात. आरएसव्हीवर नेमकं औषध नाही. ऑक्सिजन, सलाईन, लागला तर व्हेंटिलेटर, आणि वाट पाहणं.

बाकीचे विषाणूही कमी नाहीत. आईच्या किंवा कुणाच्याही ओठावरच्या फोडातून येणारा हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू नवजात बाळाच्या सगळ्या अंगभर पसरू शकतो; त्याच्यावर ॲसायक्लोव्हिर हे औषध आहे, पण वेळेत सुचलं तर. जुलै 2022 ते एप्रिल 2023 या काळात फ्रान्समध्ये इकोव्हायरस-11 या विषाणूमुळे नऊ नवजात बाळं अत्यवस्थ झाली, त्यांची यकृतं निकामी होत गेली आणि सात दगावली.

आता मूळ मुद्दा. विषाणू बाळापर्यंत पोचतो कसा? आरएसव्हीबाबत याचं फार सुरेख उत्तर 1981 साली अमेरिकेत कॅरोलिन हॉल आणि गॉर्डन डग्लस यांनी शोधलं. त्यांनी स्वयंसेवकांचे तीन गट केले. पहिल्या गटाने आरएसव्ही झालेल्या बाळांना कडेवर घेतलं, दूध पाजलं, त्यांचे कपडे बदलले. दुसऱ्या गटाने बाळाला हात लावला नाही; बाळ खोलीत नसताना त्याच्या पाळण्याच्या आसपासच्या वस्तू हाताळल्या आणि मग स्वतःच्या नाका-डोळ्यांना हात लावला. तिसरा गट बाळापासून सहा फुटांहून लांब नुसता बसून राहिला. पहिल्या गटातल्या सातपैकी पाच जणांना लागण झाली, दुसऱ्यातल्या दहापैकी चार जणांना. लांब बसलेल्या चौदांपैकी एकालाही नाही.

प्रयोग छोटा होता, आणि आज हवेतून होणाऱ्या प्रसाराबद्दल आपल्याला तेव्हापेक्षा जास्त माहिती आहे. तरी त्यातली मधली ओळ मला महत्त्वाची वाटते. बाळाला न शिवता, नुसत्या त्याच्या पाळण्याला हात लावून दहातले चार आजारी पडले. हा विषाणू कठीण पृष्ठभागावर काही तास टिकतो. मग एनआयसीयूत दिवसभर सर्वांत जास्त पृष्ठभागांना, सर्वांत जास्त बाळांना कोण हात लावतं? आई एका बाळाला हात लावते. सिस्टर, डॉक्टर, एक्स-रे काढणारा, रक्त घेणारा आणि सफाई करणारा हे सगळे एका पेटीकडून दुसरीकडे जात असतात.

यात त्यांना दोष द्यायचा नाही, उलट साधा हिशेब मांडायचा आहे. समजा एका सिस्टरकडे चार बाळं आहेत आणि प्रत्येकाला तासात आठ वेळा हात लावावा लागतो. बत्तीस वेळा हात निर्जंतुक करायचे. सॅनिटायझर नीट चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. म्हणजे तासातली अकरा ते सोळा मिनिटं फक्त हात चोळण्यात. त्याच तासात एका बाळाचा श्वास थांबतो, दुसऱ्याची सलाईनची सुई निघते, तिसऱ्याला दूध द्यायची वेळ होते. अशा वेळी कुठल्या तरी दोन स्पर्शांच्या मधले हात राहून जातात, आणि ते राहणारच होते. बाळं वाढली आणि हात कमी पडले की विभागातले संसर्ग वाढतात, हे वारंवार दिसून आलेलं आहे. तरी संसर्ग झाला की बैठक हात धुण्याच्या प्रशिक्षणावर होते. पाळीत किती सिस्टर होत्या यावर क्वचित.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. मोठ्या माणसातला आरएसव्ही हा ‘जरा नाक गळतंय’ एवढाच असतो. त्यासाठी कामावर दांडी कोण मारतं? फिलाडेल्फियातल्या एका बाल रुग्णालयातल्या 536 डॉक्टरांना आणि वरिष्ठ परिचारिका वगैरेंना हा प्रश्न विचारला गेला होता. निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. आजारी असताना काम केल्याने रुग्णांना धोका होतो हे पंच्याण्णव टक्क्यांना मान्य होतं. आणि गेल्या वर्षभरात एकदा तरी आजारी असताना काम केल्याचं त्र्याऐंशी टक्क्यांनी सांगितलं. कारण विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी एकच गोष्ट पुढे ठेवली: सहकाऱ्यांवर भार टाकायचा नव्हता. ही सुशिक्षित, कायम नोकरीतल्या, रजा असलेल्या माणसांची गोष्ट. रोजंदारीवर फरशी पुसणाऱ्या बाईला सर्दी झाली म्हणून घरी बसणं परवडेल का, हा प्रश्न विचारायचीही गरज नाही. तिच्या एका दिवसाच्या पगाराची हमी देणं हा संसर्ग रोखण्याचा उपाय आहे, आणि तो कुठल्याही निर्जंतुकीकरण यंत्रापेक्षा स्वस्त पडतो असं माझं मत आहे. पण यंत्राच्या खरेदीला मंजुरी मिळते, रजेच्या धोरणाला मिळत नाही.

याउलट आई बाहेर राहिल्याने काय गमावतो, ते आता अंदाजाचं राहिलेलं नाही. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत 1 ते 1.8 किलोच्या तीन हजारांहून जास्त बाळांवर एक चाचणी झाली. एका गटातल्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवलं; त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच टाकली. दुसऱ्या गटाला नेहमीसारखं आधी पेटीत आणि मग आईकडे. पहिल्या 28 दिवसांत पेटीच्या गटातली 15.7 टक्के बाळं दगावली, आईजवळच्या गटातली 12 टक्के. फरक एवढा स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली. आणि संसर्गाच्या भीतीने दार लावणाऱ्यांनी मुद्दाम वाचावा असा आकडा पुढे आहे: संशयित सेप्सिसचं, म्हणजे रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाचं, प्रमाणसुद्धा आईजवळच्या गटात कमी निघालं, 27.8 टक्क्यांऐवजी 22.9. आई चोवीस तास विभागात, आणि संसर्ग कमी. कारणं अनेक असतील. आईचं दूध लवकर सुरू होतं, बाळाच्या त्वचेवर रुग्णालयातल्या जिवाणूंऐवजी आईचे जिवाणू वस्ती करतात, आणि बाळाला हाताळणारे परके हात कमी होतात.

शिवाय हा शोध नवा म्हणावा असाही नाही. 1970 मध्ये स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी आयांना अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात येऊ दिलं, तेव्हा संसर्ग वाढल्याचं आढळलं नाही. स्टॉकहोममध्ये पालकांना विभागातच राहण्याची सोय करून पाहिली तर बाळं सरासरी पाच दिवस आधी घरी गेली. पाच दिवस कमी मुक्काम म्हणजे विषाणूला पाच दिवस कमी संधी. कोविडच्या काळात हे सगळं विसरलं गेलं. जागतिक आरोग्य संघटना आई आणि बाळ एकत्र ठेवा म्हणत असताना असंख्य रुग्णालयांनी दोघांना वेगळं केलं. त्याच संघटनेने 2021 मध्ये सांगितलेला हिशेब असा होता की आईच्या छातीशी बाळ ठेवण्याची पद्धत सगळीकडे पोचली तर सव्वा लाखाहून जास्त नवजात जीव वाचतील. तसं करताना कोविडने दगावण्याचा धोका होता दोन हजारांहून कमी बाळांना.

‘पण आईकडूनच लागण झाली तर?’ हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. होते, कधीकधी आईकडूनच होते. इथे सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूचं उदाहरण बोलकं आहे. ज्या आईला तो पूर्वी कधी होऊन गेलाय, तिच्या दुधातून तो बाहेर पडतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याने सहसा काही होत नाही. दीड किलोखालच्या बाळाला मात्र प्लेटलेट्स घसरण्यापासून सेप्सिससारख्या आजारापर्यंत काहीही होऊ शकतं. दूध गोठवलं तर विषाणू कमी होतो, पण जात नाही. 62.5 अंशांवर अर्धा तास तापवलं तर जातो, पण त्याबरोबर दुधातले बरेच संरक्षक घटकही जातात. एवढं माहीत असून कोणत्याही शहाण्या बालरोगतज्ज्ञाने आईचं दूध बंद करा असं म्हटलेलं नाही, कारण आतडी सडण्याच्या भयंकर आजारापासून या बाळांना वाचवणारं सर्वांत खात्रीचं साधन तेच आहे. कुठे ताजं देतात, कुठे अगदी लहान बाळांपुरतं काही आठवडे तापवून देतात. वाद आहे तो पद्धतीवर. दुधाच्या बाबतीत आपण धोका आणि फायदा तराजूत घालतो. दूध देणाऱ्या आईच्या बाबतीत तराजू बाजूला ठेवून दाराला कुलूप लावतो.

निर्बंध मुळीच नकोत असं मी म्हणत नाही. आईला ताप-खोकला असेल तर मास्क, हात, आणि खूपच आजारी असेल तर एक-दोन दिवस लांब राहणं, हे तिलाही पटतं. बाळाची दोन-चार वर्षांची भावंडं साथीच्या दिवसांत आत न आणणं योग्यच, कारण शाळा-पाळणाघरातून आरएसव्ही घरी आणणारी तीच असतात. मावशी, काका, शेजारी यांना तर बारा महिने थांबवता येईल. पण जो नियम आईला लागू, तोच राउंडला येणाऱ्या डॉक्टरला लागू हवा. दारात आईचं तापमान तपासायचं आणि शिंकणाऱ्या रेसिडेंट (शिकाऊ) डॉक्टरला पाच पेट्या उघडू द्यायच्या, याला संसर्ग नियंत्रण म्हणत नाहीत. उतरंडीत जो सर्वांत खाली त्याच्यावर नियम चालवणं एवढंच ते असतं.

आता गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या त्या सत्त्याण्णव टक्के मृत्यूंकडे. ते टाळायचे तर आजार आधीच रोखायला हवा, आणि आरएसव्हीच्या प्रतिबंधाचा इतिहास दुखरा आहे. 1960 च्या दशकात फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची लस लहान मुलांना दिली गेली. पुढे खऱ्या विषाणूशी गाठ पडल्यावर लस घेतलेलीच मुलं जास्त आजारी पडली आणि दोन दगावली. त्या धक्क्याने हे क्षेत्र कित्येक वर्षं मागे गेलं. 1998 मध्ये पॅलिविझुमॅब हे तयार प्रतिपिंड आलं. त्याने रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं, पण ते दर महिन्याला टोचावं लागे, हंगामात पाच वेळा, आणि इतकं महाग की श्रीमंत देशांनीही लाभार्थी कमी करत आणले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये फुप्फुसाचा किंवा हृदयाचा मोठा आजार नसलेल्या बाळांसाठी मर्यादा 29 आठवड्यांखाली आणली. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं त्या वर्षी अचानक पक्व झाली नव्हती. खर्चाच्या मानाने फायदा पुरेसा नाही असं ठरलं होतं.

2013 मध्ये विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एफ नावाच्या प्रथिनाचं पेशीत शिरण्याआधीचं रूप उलगडलं आणि चित्र पालटलं. नेमकं तेच रूप पकडणारं निर्सेविमॅब हे प्रतिपिंड 2022 च्या अखेरीस युरोपात आणि 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. एकच इंजेक्शन, आणि पूर्ण हंगाम भागतो. 29 ते 35 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांच्या चाचणीत रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण 78 टक्क्यांनी घटलं. स्पेनच्या गॅलिसियामध्ये सरसकट सगळ्या तान्ह्या बाळांना दिल्यावर प्रत्यक्षातही तसाच परिणाम दिसला.

गरोदरपणात आईला द्यायची लसही 2023 मध्ये आली, आणि धोरण ठरवणाऱ्यांना ती जास्त सोयीची वाटते. सोयीची आहेच. पण ती कुठे 28 व्या, कुठे 32 व्या आठवड्यापासून दिली जाते, आणि प्रतिपिंडं तयार होऊन बाळात उतरायला दोनेक आठवडे लागतात. म्हणजे सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला तिचा काडीचा उपयोग नाही. ‘आमच्याकडे आईची लस आहे’ असं म्हणून एखाद्या देशाने हात झटकले, तर ज्याला सर्वांत जास्त गरज ते बाळच सुटतं. 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही साधनांना शिफारस दिली. दोन्हींतून एक निवडायची मुभा देशांना असली, तरी अपुऱ्या दिवसांच्या बाळांपुरता प्रतिपिंडांचा वेगळा साठा ठेवणं ही किमान गोष्ट मानली पाहिजे. तशी बाळं एकूण जन्मांच्या दहावा हिस्सा, अगदी लवकर आलेली त्याहून खूप कमी. ज्यांच्या व्हेंटिलेटरवर, सर्फॅक्टंटवर (कच्ची फुप्फुसं उघडी ठेवणाऱ्या औषधावर), महिना-दोन महिन्यांच्या मुक्कामावर एवढा खर्च झाला, त्यांना एका इंजेक्शनासाठी नाही म्हणणं हिशेबालाही धरून नाही.

घरी जाताना अशा बाळाच्या डिस्चार्जच्या कागदावर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, कानांची तपासणी, लोहाचे थेंब, लसींच्या तारखा हे सगळं असतं, आणि त्यातलं काही राहिलं तर डॉक्टर सही करत नाहीत. आरएसव्हीच्या प्रतिपिंडांचा रकाना तिथेच हवा. तो भरायची जबाबदारी विभागाची, आणि बिल सार्वजनिक निधीचं.